मिठागरातली अंगाई

(कोपर, डोंबिवली पश्चिम. शनिवारची सकाळ. गणपत म्हात्रे, त्याची मुलगी कल्पिता आणि थोरली बहीण सगुणा.)

गणपत: ...आणि इथं टाळ्या. टाळ्या झाल्या की मी दोन सेकंद थांबणार, पाण्याचा घोट घेणार, आणि मग शेवटची गोष्ट. ऐकतेस ना गं? मोबाईल ठेव खाली.

कल्पिता: ऐकतेय पप्पा. साबुदाण्यापर्यंत आलेलात तुम्ही.

गणपत: साबुदाणा कधीच झाला. त्याच्यापुढे चावी. परत वाचतो. 'मंडळी, खिशात हात घाला. चावी लागली? हा शब्द पोर्तुगीजांचा. पगार त्यांचा, बिजागरी त्यांची, गवंडी उचलतो ते घमेलंसुद्धा त्यांचंच. म्हणजे आपली बिल्डिंग बांधली इथल्या माणसांनी, पण अर्धे शब्द गलबतातून उतरले.' कसं वाटतंय?

कल्पिता: भारी. खरंच भारी. लोक हसतील.

सगुणा: आनि त्या साबुदान्याचा काय बोल्लास? मना नीट आयकू नाय आला.

गणपत: अक्का, ज्या कंदाचा साबुदाणा करतात ना, तो आपल्या मुलखातला नाहीच. तिकडे ब्राझीलकडचा. बटाटा तिकडचाच, मिरची तिकडची, शेंगदाणासुद्धा. एकादशीची खिचडी सगळी परदेशी.

सगुणा: मंग मी इतकी वरसां उपास केले ते काय वाया?

गणपत: नाही गं. देव काय पत्ता विचारून घेतो?

सगुणा: तू ना, कंपनीत मशीन फिरवायचास त्योच बरा व्हतास. बोर्डावर लिवायला लागलास आनि माजा उपास खाल्लास.

कल्पिता: आत्या, उद्या सोसायटीच्या पंचविशीच्या कार्यक्रमात तीनशे माणसांसमोर बोलणारेत हे.

सगुणा: तीनशे? यवडी मानसां हायेत आपल्या शेतावर?

गणपत: हायेत. आपण भात लावायचो तिथं तीन विंगा, आणि विंगांना पंचवीस वर्षं झाली. पंचवीस वर्षांत मला माईक कोणी दिला नव्हता अक्का. जमीन आपली होती म्हणून तीन फ्लॅट मिळाले, पण नाव काय होतं माझं? 'ते खालचे म्हात्रे.' गाडी वाकडी लागली की खालच्या म्हात्रेंना सांगा. आता रिटायर झालो, जिन्यापाशी फळा पडलेला होता, सहज एक दिवस लिहिलं, 'ऑक्टोपसला तीन हृदयं असतात.' बास. दुसऱ्या दिवशी सहा माणसं थांबलेली वाचायला. आता मी एक दिवस गावाला गेलो तर चौथ्या मजल्यावरून पटवर्धनसर फोन करतात, 'अहो म्हात्रे, आज फळा कोरा कसा?'

कल्पिता: माहितेय पप्पा.

गणपत: तर आता शेवटची. ही मी वाचणार नाही, पाठ म्हणणार. 'मंडळी, ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरं होती. तिथं काम करणाऱ्या बाया वाफ्यातल्या पाण्याला अंगाई म्हणायच्या. पाणी हललं नाही, शांत निजलं, की मिठाचा खडा मोठा धरतो अशी त्यांची समजूत. माझी आई त्या बायांमधली एक. मी चार वर्षांचा होतो तेव्हा ती गेली. तिचा एकही फोटो नाही. तिचा आवाज मला आठवत नाही. पण आता मला एवढं माहीत आहे, की ती गायची.'

कल्पिता: ही शेवटी घेणार?

गणपत: काय झालं? लांबलं का?

कल्पिता: नाही. पप्पा, शेवटी आनंदीबाई घ्या ना. आनंदीबाई जोशी. कल्याणला जन्मल्या, एवढ्या लहान वयात बोटीने अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाल्या. लोकांना आवडेल. आपल्या बाजूची गोष्ट आहे.

गणपत: ती सगळ्यांना येते. पटवर्धनसर माझ्याआधी संपवतील ती.

कल्पिता: मग पहिल्या आगगाडीची घ्या. एकवीस तोफा, चौदा डबे, बोरीबंदर ते ठाणे.

गणपत: कल्पिता, मी माझ्या आईबद्दल बोलतोय आणि तू मला डबे मोजायला सांगतेस? आणि आता बदलायला वेळ कुठंय. स्मरणिकेतपण तीच छापतायत. स्मरणिका बघणाऱ्या रचनाताईंनी अख्खं पान ठेवलंय, मिठागराचं चित्र काढून घेतलंय कोणाकडून तरी. अकरा वाजता फाईल प्रेसला जाणार.

कल्पिता: आज अकराला?

गणपत: आज. साडेदहा झाले. का?

कल्पिता: ही गोष्ट तुम्हाला मिळाली कुठून?

गणपत: व्हॉट्सॲपवर आलेली, दिवाळीत. 'ठाण्याबद्दलच्या दहा अचंबित करणाऱ्या गोष्टी.' त्यातली दहावी. आणि आता मला शिकवू नकोस की फॉरवर्ड आहे म्हणून. चीनच्या भिंतीला मी एकदा फसलेलो. चंद्रावरून दिसते असं लिहिलं, पटवर्धनसर म्हणाले, अजिबात दिसत नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात, 'काल चुकलो.' तेव्हापासून दोन ठिकाणी बघितल्याशिवाय खडू उचलत नाही मी. ही तर चार ठिकाणी बघितली. चारही ठिकाणी तेच. शब्दाला शब्द तोच.

कल्पिता: चारही ठिकाणी तेच शब्द आहेत, कारण ते माझे आहेत.

गणपत: म्हणजे?

कल्पिता: म्हणजे आमच्या ऑफिसातून गेली ती पोस्ट. वागळे इस्टेटमधून. मी लिहिलेली. आमचं काम तेच आहे ना, दहा गोष्टी, पंधरा गोष्टी. त्यावर नाव नसतं कोणाचं.

गणपत: अरे मग चांगलंच आहे की! सांगितलं का नाहीस इतके दिवस? तू शोधून काढलीस, म्हणजे पुस्तक असेल तुझ्याकडे. पटवर्धनसर विचारणारच.

कल्पिता: पुस्तक नाहीये पप्पा. शोधली नाही मी. रचली.

गणपत: रचली.

कल्पिता: नऊ झाल्या होत्या. नऊ खऱ्या होत्या, शप्पथ. संध्याकाळी सातला पोस्ट लागणार होती आणि दहावी मिळत नव्हती. ऑफिसातले सर मागे उभे. मला वाटलं मिठागराचं काहीतरी टाकू, आपल्या घरातलं. मला माहीत काय होतं? काहीच नाही. आजी मिठागरात जायची एवढंच. मग पाणी, मग झोप, मग अंगाई... दहा मिनिटांत लिहिलं. मला वाटलं, कोण वाचतंय दहावी.

गणपत: मी वाचली.

कल्पिता: हो.

गणपत: दिवाळीपासून माहितेय तुला? मी फळ्यावर लिहिली तेव्हा?

कल्पिता: तेव्हाच सांगणार होते. तुम्ही खाली फळ्यापाशी उभे होतात, लोकांना सांगत होतात, माझी आई, माझी आई. मी तुम्हाला कधी आईबद्दल बोलताना ऐकलंच नव्हतं. मग राहिलं. मग म्हटलं, फळा पुसला की विसरतील.

गणपत: नाव कल्पिता आम्हीच ठेवलं. बोलायचं कोणाला.

कल्पिता: पप्पा, सॉरी.

गणपत: थांब. थांब जरा. तू रचली असशील. पण खरी निघाली ना ती! मी अक्काला विचारलेलं. त्याच दिवशी, गाडी काढून गेलेलो तिच्याकडे. अक्का, मी विचारलं ना तुला? आय पाण्याला गाणं म्हणायची का? तू काय बोललीस?

सगुणा: बोल्ली, हो.

गणपत: ऐकलंस? हिने पाहिलंय. ही तिथं कामाला होती पंधराव्या वर्षी. तुला वाटलं तू रचलंस, पण...

सगुणा: गणू.

गणपत: काय?

सगुणा: मी हो बोल्ली कारन तुजा तोंड तसा व्हता.

गणपत: कसा?

सगुणा: धावत आलास जिना चढून. दम लागलेला. साठ वरसांचा बाप्या, आनि तोंड असा, जसा कोनी बाजारातून खाऊ आनला. मी नाय कशी बोलू? बोल्ली, हो रं बाला, गायची. तुना चाय घेतली आनि गेलास.

गणपत: म्हणजे गायची नाही.

सगुणा: नाय.

गणपत: कधीच नाही?

सगुणा: त्या उन्हात गानी कोन बोलल? तोंड उघरला का मीठच जायचा आत.

गणपत: चांगलंय. एक ऑफिसात बसून रचते, दुसरी घरात बसून हो म्हणते. आणि मी येडा. मी चालपण लावलेली त्याला, माहितेय? शब्द नव्हते, नुसती चाल. आंघोळ करताना म्हणायचो. हळूहळू मला वाटायला लागलेलं की मला आठवतेय. म्हणजे मी बनवलेली नाही, कुठंतरी ऐकलेली आहे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की तिचं काहीतरी आहे माझ्याकडे.

कल्पिता: पप्पा, पाणी देऊ?

गणपत: नको पाणी. फोन दे माझा.

कल्पिता: मी बोलू रचनाताईंशी? मी सांगते, चूक माझी आहे.

गणपत: फोन दे. ...हां, रचनाताई, म्हात्रे बोलतोय. नमस्कार. ते मिठागराचं पान आहे ना, ते काढा. ...हो, काढा. खोटं आहे ते. ...नाही, नाही, भाषा छान आहे, पण गोष्ट खोटी आहे. ...लोककथा म्हणून पण नको. लोकांची नाहीये ती. ...ताई, छान वाटतं म्हणून छापायचं असेल तर मग चंद्रावरून भिंत पण दिसते. ...तिथं जाहिरात टाका कोणाची तरी. ...हो, बोलायला येतो मी उद्या. येतो. ठेवतो.

कल्पिता: चित्र काढून घेतलेलं त्यांनी.

गणपत: राहू दे चित्र. तुमच्या ऑफिसातली ती पोस्ट अजून आहे?

कल्पिता: आहे.

गणपत: ती काढ.

कल्पिता: मी मागेच सांगून बघितलेलं सरांना. ते म्हणतात, सगळ्यात जास्त शेअर झालेली आहे, काढायची कशाला? कोणाचं काय नुकसान झालंय?

गणपत: मग सांग त्यांना, झालंय.

कल्पिता: सांगते.

गणपत: आणि तू गं अक्का? पन्नास वर्षांत तू मला तिच्याबद्दल एक वाक्य सांगितलेलं नाहीस. एक सांगितलंस ते पण खोटं.

सगुणा: तू कदी इचारलास?

गणपत: लहानपणी विचारायचो. तू उठून पाणी भरायला जायचीस. भरलेल्या हंड्यात परत पाणी भरायचीस. मग विचारायचं सोडलं.

सगुणा: मी सोळा वरसांची व्हती रं. ताप आला तिला, तीन दिसांत गेली. तुजा चार वरसांचा जीव माज्या कडंवर. कोनी तिचा नाव काढला का तुला खाली टाकीन असा वाटायचा. म्हून नाय बोल्ली. मंग नाय बोलायची सवयच जाली.

कल्पिता: आत्या, आता सांगाल?

सगुणा: काय सांगू? त्यात काय नाय तुज्या मोबाईलात टाकन्यासारखा.

कल्पिता: मोबाईलसाठी नाही. माझ्यासाठी. मला काहीच माहीत नाही म्हणून तर मी रचलं.

सगुणा: आय म्हंजे... काली, उंच. दात पुढं. हसली का तोंडावर पदर धरायची. आनि आवाज, बाय गो! गलाच नव्हता तिला. घसा बसलेला कायम. गाना बोल्ली असती ना, तर बगले उराले असते खाजनातले.

गणपत: एवढा वाईट?

सगुणा: कावल्यावानी. मी लाजायची पोरींच्यात.

गणपत: आणि मी? मी कुठं असायचो, ती कामाला जायची तेव्हा?

सगुणा: तितंच. बांदावर. घरी ठेवनार कोनाकरं? दोन काठ्या रोवायच्या, जुना लुगडा बांधायचा, सावली करायची, आनि तुला टोपलीत बसवायचा. आय वाफ्यात, मीठ वडत. मी मीठ वाहायची डोक्यावरून. तू दोन वरसांचा, तीनाचा. आनि रडायचास! सगल्या आगरात तुज्यावानी रडनारा पोर नव्हता.

कल्पिता: मग आजी काम सोडून यायची?

सगुणा: कशी येल? वाफ्यातून सारका बाहेर आत जाला का खालचा चिखल वर येतो, मीठ काला होतो. मुकादम वरडायचा. ती नाय यायची. ती तितूनच हाका मारायची तुला. दिसभर. मीठ वडायची आनि वरडायची, 'आले रं बाला, आले!' घडीभर जाला का परत, 'आले रं बाला, आले!' सगल्या बाया हसायच्या. बोलायच्या, ही सकाल धरून येते, अजून पोचली नाय.

गणपत: 'आले रं बाला.'

सगुणा: तसा नाय. तू गोड बोलतोस. ती खरखरीत बोलायची, लांबून. वाऱ्यावर जायला पायजे ना आवाज.

गणपत: तू म्हणून दाखव.

सगुणा: आता? शेजारचे येतील धावत.

गणपत: येऊ देत.

सगुणा: ...आलेऽ रं बालाऽ, आलेऽऽ!

कल्पिता: आत्या...

सगुणा: असा. थोरा अजून फाटका.

* * *

सगुणा: आलीस? एकटीच? गणू कुटं हाय?

कल्पिता: खाली आहेत. सोडत नाहीयेत लोक. पाचव्या मजल्यावरची माणसं, जी कधी लिफ्टमध्ये बघत नाहीत त्यांच्याकडे, ती पण उभी आहेत. तुम्ही यायला हवं होतं आत्या.

सगुणा: गुडघं नाय ऐकत. सांग, काय बोल्ला?

कल्पिता: चावी, घमेलं सगळं झालं. साबुदाण्याला एवढे हसले लोक की दोन मिनिटं थांबावं लागलं. मग पाणी प्यायले आणि म्हणाले, 'दिवाळीत मी फळ्यावर मिठागरातल्या अंगाईबद्दल लिहिलेलं. काल चुकलो. ती गोष्ट खोटी आहे.'

सगुणा: तुजा नाव घेतला?

कल्पिता: नाही. म्हणाले, 'कोणीतरी घाईत रचली आणि मी घाईत मानली, दोघांची अर्धी अर्धी चूक.' एवढंच. मला बसवेना. मी उभी राहिले तिथंच, मागच्या रांगेत. म्हटलं, मी रचली. मी मुलगी त्यांची.

सगुणा: तीनशे मानसांत?

कल्पिता: हो. सगळे वळून बघायला लागले. मग पटवर्धनसर म्हणाले, 'म्हात्रे, मग तुमच्या आई काय करायच्या?'

सगुणा: आनि सांगितला त्यानं?

कल्पिता: सांगितलं. बांध, टोपली, लुगड्याची सावली. ती सकाळपासून येतेय आणि पोचत नाही, तेपण. पण हाक नाही मारली. म्हणाले, 'ती माईकवर होणार नाही माझ्याच्याने.' आणि उतरले खाली.

सगुणा: बरा केलान. आनि तुज्या कामाचा काय?

कल्पिता: काल रात्रीच माझ्या लॉगिनने उडवली ती पोस्ट. सरांचा मेसेज आलाय, सोमवारी केबिनमध्ये ये. बहुतेक जाईल नोकरी. आणि उडवून काय झालं माहितेय? आज सकाळी बघितलं तर दुसऱ्या सहा ठिकाणी आहे. एकीने तर वर लिहिलंय, माझी पणजी गायची म्हणून.

सगुणा: तिला पन कोनीतरी हो बोल्ला आसंल.

गणपत: कोण कोणाला हो बोललं?

कल्पिता: आलात? बसा. चहा टाकते.

गणपत: टाक. अक्का, एक विचारायचं राहिलं. तिथं स्टेजवरून उतरताना डोक्यात आलं.

सगुणा: इचार.

गणपत: ती तिकडून हाक मारायची. मग मी गप्प व्हायचो का?

सगुणा: कुटं! आवाज आयकलास का दुप्पट रडायचास.

गणपत: मग?

सगुणा: मंग काय? ती आनखी जोरात वरडायची.